बारा, अठरा आणि यादीबाहेरचे
(कौशल्यांच्या याद्यांची एक चिकित्सा)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला शिकणारा माझा पुतण्या चार मित्रांना घेऊन नरडाण्याला आला. फटाक्यांऐवजी त्यांच्या पिशवीत फासे होते. आपल्या ओळखीचे सहा बाजूंचे होतेच, शिवाय चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचेही होते. ओट्यावर सतरंजी टाकून त्यांनी खेळ मांडला. त्यात पट नव्हता, सोंगट्याही नव्हत्या. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि पात्राला एखादे काम जमले की नाही, हे फासा ठरवतो. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीही बसा. तुमचं एक पात्र तयार करू.” मी म्हटले, “मला सुतार करा.” त्याने जाडजूड नियमपुस्तक चाळले आणि म्हणाला, “काका, सुतारकी आता कौशल्यांत येत नाही. हत्यारांत येते.”

त्या ‘आता’ने माझे लक्ष वेधले. म्हणजे पूर्वी येत होती का? कोणत्या आवृत्तीत आली, कोणत्या आवृत्तीत गेली, आणि कोणी काढली? मुलांजवळ जुन्या आवृत्त्यांच्या प्रतीही होत्या. त्या पाहता पाहता मला माझ्याच कपाटातली एक जुनी यादी आठवली. तीही कौशल्यांची होती, तिच्याही अनेक आवृत्त्या होत्या आणि त्यांचाही एकमेकींशी मेळ बसत नव्हता. ती यादी बारा बलुतेदारांची. हा लेख या दोन याद्या शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न आहे. एक यादी करमणुकीची आणि दुसरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या जगण्याची, याचे भान सुटू नये. तरीही यादी कशी बनते आणि कशी बदलते, हे खेळाच्या पुस्तकात जितके उघड दिसते तितके गावाच्या इतिहासात दिसत नाही. म्हणून सुरुवात खेळापासून करतो.

खेळाची यादी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात आला. त्यात कौशल्यांची यादीच नव्हती. योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे पात्रांचे तीन वर्ग होते आणि बाकी सारे खेळणाऱ्यांच्या बोलण्यावर सोडले होते. १९७५च्या पुरवणीत चोराचा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर पहिली मोजलेली कौशल्ये आली. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, खिसा कापणे, पावलांचा आवाज न करता चालणे, सावलीत लपणे अशा कामांना शेकडेवारी मिळाली. या खेळात ज्याच्या कसबाचा आकडा सर्वांत आधी लिहिला गेला, तो चोर होता. कारण उघड आहे. तळघरातल्या खजिन्याच्या खेळात कुलूप उघडणे हेच महत्त्वाचे काम.

१९७९ साली खेळ चालवणाऱ्यासाठी जे पुस्तक निघाले, त्यात ‘दुय्यम कौशल्यां’चा एक तक्ता आला. तो वाचताना मला एखाद्या गावाची पाहणी वाचत असल्यासारखे वाटले. चिलखत बनवणारा, शेतकरी, कोळी, शिकारी, जवाहिऱ्या, कातडे कमावणारा, गवंडी, खाणकामगार, शिंपी-विणकर, गाडीवान, सुतार. तक्त्यात एक ओळ अशीही होती की, या पात्राजवळ मोलाचे म्हणावे असे कोणतेच कसब नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे कसब शंभराचा फासा टाकून ठरवता येई. योद्धा व्हायचे की जादूगार, हे खेळणारा निवडी. पण त्यापूर्वी तो कोणाच्या घरात वाढला आणि कोणता धंदा शिकला, हे नशिबावर सोडलेले.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ही यादी खुली झाली. लोहारकी, सुतारकी, चांभारकी, कुंभारकाम, विणकाम, दारू गाळणे, स्वयंपाक, शेती, गवंडीकाम अशी कामे स्वतंत्र नावांनी आली आणि खेळणाऱ्याला आपल्या वाट्याच्या ठरावीक जागांतून ती निवडता येऊ लागली. बहुतेक कामांना एक जागा खर्ची पडे, चिलखत बनवायला दोन आणि शस्त्रे घडवायला तीन. प्रत्येक कसब एखाद्या उपजत गुणाशी जोडलेले होते. लोहारकी ताकदीशी, कुंभारकाम हाताच्या चपळाईशी. शेती आणि विणकाम मात्र बुद्धीशी जोडले होते. शेतीला बुद्धी लागते, हे अमेरिकेतल्या एका खेळाच्या पुस्तकाने छापून ठेवलेले वाचून आमच्याकडच्या कापूस पिकवणाऱ्याला बरे वाटेल.

पुढे उलटा प्रवास सुरू झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळी कारागिरी एकाच नावाखाली गोळा झाली. नाव एक, त्यापुढे कोणते काम ते लिहायचे. सुतार, कुंभार, लोहार यांच्यात गुणाचा फरक उरला नाही, कारण सारीच कारागिरी आता बुद्धीशी जोडलेली. त्या कसबाचा एक उपयोग आठवड्याला किती सोन्याची नाणी मिळतील हे काढण्याचा. म्हणजे कामाची ओळख आता मजुरीच्या हिशेबातूनही होऊ लागली. २००३च्या सुधारित आवृत्तीत आणखी झाडलोट झाली. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे हे नजरेच्या कसबात विरघळले, दिशा ओळखणे हे रानात तग धरण्याच्या कसबात. २००८च्या चौथ्या आवृत्तीत कौशल्ये सतराच उरली आणि त्यांत कारागिरी मुळीच नव्हती. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ती अठरा झाली. २०२४च्या सुधारणेतही अठराच आहेत. सुतार परत आला, पण कौशल्यांच्या यादीत नाही, तर हत्यारांच्या यादीत आला. कारागिरांच्या सतरा हत्यारपेट्या आहेत आणि त्यांतली एखादी ‘वापरता येणे’ म्हणजे कारागीर असणे. माझ्या पुतण्याचे वाक्य अक्षरशः बरोबर होते.

चौथ्या आवृत्तीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो हलका नाही. खेळात मडके घडवण्याची वेळ कधी येतच नाही. ज्याने आपली मोजकी जागा कुंभारकामावर खर्च केली, तो राक्षसासमोर उभा राहिला की फसतो. वापरात न येणारे कसब यादीत ठेवणे म्हणजे भाबड्या खेळणाऱ्याला दंड करणे. हे मान्य. पण त्याची एक किंमत आहे. त्या जगात मडकी असतात, दारे असतात, तलवारी असतात, आणि त्या बनवणारा मात्र खेळण्याजोगा माणूस राहत नाही. म्हणून पुढच्या आवृत्तीला त्याला मागच्या दाराने, हत्यारे हातात देऊन, आत घ्यावे लागले.

गावाची यादी

आता दुसऱ्या यादीकडे वळू. ‘बारा बलुतेदार’ हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की ते बारा कोणते, हे ठरलेले आहे असे वाटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीतली ‘बलुतेदार’ ही नोंद पाहिली की हा समज टिकत नाही.

तिथे पहिली यादी अशी आहे. सुतार, लोहार, महार, मांग ही थोरली कास. कुंभार, चांभार, परीट, न्हावी ही मधली. भट, मुलाणा, गुरव, कोळी ही धाकटी. ‘कास’ या शब्दाचा खुलासाही तिथेच आहे. गाव ही गाय आणि बलुतेदार ही वासरे. वासरांनी कासेला कोणत्या क्रमाने लागायचे, ती ही वळ. वाटा कणसे झोडून झालेल्या ज्वारीच्या पेंढ्यांत सांगितला आहे. थोरल्या कासेतल्या तिघांना चार-चार पाचुंदे, म्हणजे वीस-वीस पेंढ्या. महाराला आठ पाचुंदे, म्हणजे चाळीस. मधल्या कासेला तीन-तीन पाचुंदे, धाकटीला दोन-दोन. बेरीज केली तर बाराजणांच्या मिळून दोनशे पेंढ्या होतात. खेळाच्या १९८९च्या आवृत्तीतल्या एक-दोन-तीन जागांच्या तक्त्याची आठवण होते ती इथे. दोन्हीकडे कसबाला आकडा चिकटवला आहे. पण खेळात कसब घेणारा किंमत मोजतो, आणि गावात कसब असणाऱ्याला वाटा मिळतो, तोही जन्माने ठरलेला.

कोशकार इथे थांबत नाही, आणि म्हणूनच ती नोंद मोठी आहे. तो दुसरी यादी देतो. तीत पाटील, कुलकर्णी, चौधरी, पोतदार, देशपांडे हेच बलुतेदार आहेत आणि त्यांच्या मागोमाग न्हावी, परीट, गुरव येतात. तिसऱ्या यादीत चांभार आणि कुंभार थोरल्या कासेत चढतात, मांग धाकट्या कासेत उतरतो आणि सोनार आत येतो. कोकणात आणखी वेगळी यादी आहे, हेही तो सांगतो. इंदापूर परगण्यात चौदा नावे आहेत, त्यांत रामोशी आहे, आणि पुढे स्पष्ट नोंद आहे की हे चौदाही एका गावात कधी सापडत नाहीत. पंढरपूरकडे कुलकर्णी, जोशी, गुरव, पोतदार ही धाकटी वळ. अलुत्यांचेही तसेच. एकीकडे बारा, पंढरपूरकडे अठरा. ग्रँट डफने (त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६चा) कोळी आणि सोनार दोघांनाही अलुत्यांत टाकले आहे. एका भागातला अलुतेदार दुसऱ्या भागात बलुतेदार असतो, असा एकूण निष्कर्ष.

या नोंदीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, आकडा पक्का आणि नावे सैल. आधी ‘बारा’ ठरले आहे, मग ते भरायला माणसे शोधली आहेत. जिथे दहाच घरे होती तिथेही लोक ‘बारा बलुतेदार’च म्हणत राहिले. दुसरी, नाव आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे कसबाच्या थोरवीवर ठरलेले नाही.

याचा पुरावा नरडाण्याच्या जवळच आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे जाताना सोनगीर लागते. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात प्रसिद्ध. तांबे ठोकून हंडा उभा करणे हे काही लहान कसब नव्हे. पण वर सांगितलेल्या याद्यांत तांबट कुठेच नाही. कारण तांबट गावाचा बांधील नव्हता. तो माल करी आणि बाजारात विकी. उलट सुतार आणि लोहार थोरल्या कासेत आहेत, कारण नांगर मोडला तर पेरणी थांबते. मांग आहे, कारण मोटेला आणि बैलाला दोर लागतो. राखणीचे काम तर प्रदेशाप्रमाणे वेगवेगळ्या समाजाकडे गेले. इंदापुरात रामोशी, आमच्या खानदेशात अनेक गावांचा जागल्या भिल्ल. काम तेच, यादीतले नाव वेगळे. म्हणजे ही यादी गावात कोणाला काय येते हे सांगत नाही. शेतीला आणि गावाच्या कारभाराला कोणाची गरज पडते, ते सांगते. खेळाची यादी जशी तळघराच्या गरजेतून निघाली, तशीच ही.

यादीच्या आत असण्याची किंमत

इथपर्यंत दोन्ही याद्या सारख्या चालल्या. आता त्या वेगळ्या होतात, आणि लेखाचा खरा मुद्दा इथे आहे.

खेळातले नाव गेले तर खेळणाऱ्याला हळहळ वाटते, एवढेच. गावाच्या यादीत मात्र नाव असणे हीच कैद होऊ शकत होती. महाराचा वाटा आठ पाचुंदे, सगळ्यांत मोठा. हा आकडा दाखवून ‘गावात प्रत्येकाला मान होता’ असे लिहिणारे लेख अजूनही वाचायला मिळतात. ते आकड्याची एकच बाजू वाचतात. त्या चाळीस पेंढ्यांसमोर काम किती, हे यादीत लिहिलेलेच नाही. सांगावा नेणे, हद्द दाखवणे, सरकारी माणसाची बडदास्त, मेलेले जनावर ओढणे, आणि बोलावणे केव्हाही. इतर बलुतेदारांचे काम निदान नावाने मर्यादित होते. सुताराला कोणी मडके मागत नसे. महाराच्या कामाला नाव नव्हते, म्हणून शेवटही नव्हता. शिवाय हा वाटा एका माणसाचा नव्हे, गावातल्या सगळ्या महार घरांत वाटला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाण होती. ज्या वतनाला हक्क म्हटले जाते, तेच माणसाला गावाशी बांधून ठेवते. पुढे गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८चा. एखाद्या यादीतून नाव कमी होणे ही सुटका ठरते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या इतिहासात मला दिसत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांवगाडा’ (१९१५) लिहिले, ते महसूल खात्यातल्या अनुभवावर. वतनी हक्क आणि प्रत्यक्ष काम यांच्यातली दरी त्यांनी पाहिली होती. म्हणून त्या पुस्तकात गावाचे कौतुक कमी आणि हिशेब जास्त आहे. आज बलुतेदारीवर हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी त्या हिशेबाकडे पुन्हा जावे.

यादीबाहेर कायम राहिले एक मोठे कसब, ते बायांचे. मोल्सवर्थच्या सगळ्या पर्यायी याद्यांत नावे पुरुषांची किंवा जातीची आहेत. बाळंतपण करणारी सुईण बलुतेदार नाही. ती ज्या घरातली असेल त्या घरातल्या पुरुषाच्या नावात तिचे काम जमा. कुंभाराचे चाक पुरुष फिरवी, पण माती मळण्यात घरातल्या बाईचे हात असत. आमच्याकडे पुरणाचे मांडे उपड्या खापरावर टाकतात. ते खापर घडवणारा यादीत आहे, पण हातावर मांडा वाढवत वाढवत तो न फाटता खापरावर टाकणारी कोणत्याच यादीत नाही. खेळाच्या पुस्तकांचीही बाजू इथे फारशी बरी नाही. १९८९च्या यादीत शिवणकामाचे नाव बाई आणि पुरुष अशा दुहेरी रूपात छापले आहे. स्वयंपाकाला निदान एक जागा मिळाली. बाळंतपणाला तिथल्या सर्वसाधारण यादीत स्वतंत्र नाव नाही.

सर्वांत नवी आवृत्ती

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, नाव बांधणारा, शस्त्र-चिलखत बनवणारा, लोहार, हातोडा व अवजारे बनवणारा, कुलूपवाला, सोनार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, चांभार, गवंडी, टोपली-चटई-झाडू बनवणारा, बाहुल्या-खेळणी बनवणारा, न्हावी, माळा ओवणारा, परीट, शिंपी आणि मासेमारीचे जाळे विणणारा.

ही यादी मी जुन्या याद्यांची पुढची आवृत्ती म्हणून वाचतो. भट, गुरव, जोशी, मुलाणा गेले, म्हणजे देवाधर्माची सेवा कौशल्यात धरली नाही. महार, रामोशी, जागल्या गेले, आणि ते जायलाच हवे होते. सोनार आणि शिंपी, जे जुन्या याद्यांत आत-बाहेर होत राहिले, ते पक्के आत आले. तेली, तांबोळी, साळी आले नाहीत. चिलखत बनवणारा आला. १९७९च्या खेळाच्या तक्त्यातही तो होताच. अठरा हा आकडाही जुनाच आहे, पण तेवढ्यावरून काही सिद्ध करण्याचा मोह मी आवरतो.

योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी रोज ५०० रुपये, हत्यारपेटीसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज आहे. ज्या कारागिराला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याला हा आधार लहान नाही. पण यादीची चिकित्सा करताना दोन गोष्टी नोंदवाव्याच लागतात. एक, इथेही कसबाचे रूप हत्यारपेटीचे झाले आहे, खेळाच्या पाचव्या आवृत्तीसारखे. जे काम पेटीत मावते ते यादीत येते. दोन, हे व्यवसाय कुटुंबातून आलेले पारंपरिक व्यवसाय असे धरले आहेत आणि एका कुटुंबातून एकाचीच नोंद होते. नवरा कुंभार आणि बायको टोपल्या विणणारी असेल, तर दोघांतले एकच कसब कागदावर येणार. ते कोणाचे असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. जुन्या कासेची मोजणी घराने होती, नवीही घरानेच आहे.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलांचे धंदे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे आहेत. ते आयटीआयच्या यादीत आहेत, या अठरांत नाहीत. त्या मुलांपैकी कोण कोणाच्या घरातला, हे यंत्राला ठाऊक नसते. याद्यांच्या एवढ्या आवृत्त्या वाचल्यावर मला चांगल्या यादीची कसोटी हीच वाटते. ती किती नावे धरते, यापेक्षा नावाशी माणूस कसा जोडला जातो ते पाहावे. १९७९चा तक्ता फाशाने जोडत होता, बलुते जन्माने, १९८९चे पुस्तक निवडीने. आणि कोशाची ती नोंद? तिने कोणाला काही वाटून दिले नाही. तिने एवढेच केले की एका यादीला खरी आणि बाकीच्यांना खोटी म्हटले नाही. सगळ्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि गोंधळ आहे हे कबूल केले. आपल्या प्रत्येक सरकारी यादीच्या तळाशी अशी एक कबुलीची ओळ असती, तर कितीतरी हात मोजणीतून सुटले नसते.

त्या रात्री शेवटी मी सुतारच झालो. पुतण्याने हत्यारपेटी लिहिली आणि ‘कौशल्ये’ या रकान्यात, नियमात नसतानाही, पेन्सिलने ‘सुतारकी’ असे लिहिले. गोष्ट सांगणाऱ्या मुलाने ते चालवून घेतले. तिसऱ्या तासाला तळघरातला एक जुना पूल ओलांडायची वेळ आली. तेव्हा तो मला म्हणाला, “काका, लाकूड कुजकं आहे की धडधाकट, हे तुम्हीच सांगा.” मी फासा टाकला.